बॅटरीचे टक्के येतात कुठून?

मोबाइलच्या कोपऱ्यात ४७ टक्के दिसतात, पण आत चार्ज किती उरलाय हे थेट मोजणारं यंत्र बॅटरीत नसतं. मोजता येतं ते व्होल्टेज, करंट आणि तापमान. बाकी सगळं गणित.

लिथियम-आयन सेल काही तास न वापरता ठेवला, तर त्याच्या व्होल्टेजवरून चार्जचा बऱ्यापैकी अंदाज येतो. वापर सुरू झाला की मात्र व्होल्टेज खाली येतं. म्हणून अभियंते सेलच्या जागी एक छोटं सर्किट मांडतात: एक व्होल्टेज स्रोत, त्याला एकसरीत एक रोध आणि पुढे रोध-कपॅसिटरची समांतर जोडी. लोड काढताच व्होल्टेज एकदम वर उडी घेतं, तो पहिला रोध. नंतर ते कितीतरी वेळ हळूहळू चढत राहतं, कारण आतले लिथियम आयन अजून समान पसरत असतात. हा चढ कपॅसिटरची जोडी दाखवते. आतलं एवढं गुंतागुंतीचं रसायन, आणि आलेख जुळतो या चार सुट्या भागांनी! मला याचं फार अप्रूप वाटतं.

कडाक्याच्या थंडीत चार्ज शिल्लक असताना फोन का बंद पडतो, तेही यातून कळतं. समजा सेलचं व्होल्टेज ३.६ आहे, अंतर्गत रोध ०.१ ओहम आणि कॅमेरा क्षणभर २ अँपिअर ओढतो. घट ०.२ व्होल्टची, उरले ३.४, काम चालतं. थंडीने रोध चौपट झाला, तर घट ०.८ आणि उरतात २.८. फोनची मर्यादा ३ व्होल्ट असेल, तर तो बंद होणारच. चार्ज आतच असतो, ऊब मिळाली की पुन्हा वापरता येतो.

टक्के काढायचा दुसरा मार्ग म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या करंटचा हिशेब ठेवणं. त्यात बारीक चुका साचत जातात. म्हणून हा हिशेब आणि वरच्या सर्किटच्या मॉडेलने वर्तवलेलं व्होल्टेज यांचा मेळ कालमन फिल्टरने घालतात, म्हणजे अंदाज प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून सतत सुधारत नेणाऱ्या गणिती पद्धतीने. १९६० साली मांडलेली ही पद्धत अभियंते ग्रेगरी प्लेट यांनी २००४ मध्ये वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी तपशीलवार विकसित केली.

अनेक इलेक्ट्रिक गाड्यांमधल्या लिथियम आयर्न फॉस्फेट (लोह असलेला, लिथियम-आयनचाच एक प्रकार) सेलपुढे मात्र हे कसबही अडखळतं. ३० ते ८० टक्क्यांदरम्यान त्यांचं व्होल्टेज जेमतेम ०.१ व्होल्टने बदलतं. टोकाला पोहोचल्यावरच ते झपाट्याने चढतं आणि साचलेली चूक दुरुस्त करता येते. अशा गाड्या अधूनमधून १०० टक्के चार्ज करायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.