बोलायला उशीर, की ऐकायलाच कमी?

"सगळं कळतं हो त्याला, फक्त बोलत नाही." दोन वर्षांच्या मुलाबद्दलचं हे वाक्य कधी अगदी खरं असतं, कधी साफ चुकीचं. उशिरा बोलणारं मूल आणि कमी ऐकू येणारं मूल घरात वावरताना सारखंच दिसतं.

आजी दाराकडे बोट करून म्हणते, "चप्पल आण." पोर धावत जाऊन आणतं. पण त्यानं शब्द ऐकला, की बोट पाहिलं? त्याची पाठ असताना, हात न हलवता, नेहमीच्या आवाजात विचारून पाहा, "आजीचा चष्मा कुठाय?" दरवेळी चष्म्याकडेच वळलं, तर समज बहुधा चांगली आहे, बोलणं तेवढं मागे पडलंय. अशी बरीच मुलं पुढे सावरतात. तरी दोन वर्षांचं मूल 50 शब्दही बोलत नसेल, "आई ये" असे दोन शब्द जोडत नसेल, तर वाट पाहत बसू नये.

वळलंच नाही, तर? "ताट वाजवलं की दचकतो ना!" हा पुरावा धरू नका. मध्यम श्रवणदोष असलेल्या मुलालाही ताटाचा खणखणाट ऐकू येतो. निसटतात ते स, श, फ, त असे बारीक आवाज. "चष्मा"तला "आ" पोचतो, बाकीचा शब्द पुसट राहतो. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. कान दुखेलच असं नाही, आणि ऐकू येणं आज कमी, उद्या बरं. मग घरचे म्हणतात, "मनात असलं की ऐकतो." या वाक्याची मला खरंच धास्ती वाटते, कारण त्यात महिने निघून जातात. जिभेला वेखंड उगाळून लावण्यातही तेच होतं.

घरची परीक्षा म्हणजे अंदाज. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाचे कान आधी तपासावेत. बेरा चाचणीत मूल झोपलेलं असतं. डोक्याला चिकटवलेल्या तारा आवाजाला कानाची नस कसा प्रतिसाद देते ते टिपतात. मुलानं काही सांगायचं नसतं, म्हणून ती तान्ह्या बाळाचीही होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. गरज निघाली, तर श्रवणयंत्र काही महिन्यांच्या बाळालाही बसवतात.