चिकित्सक अपप्रचार-अभ्यास

खोटी माहिती कोणाविरुद्ध रचली जाते, ती कोणाला पटते आणि त्यातून कोणाची सत्ता शाबूत राहते, हे प्रश्न मध्यभागी ठेवणारी माध्यम-संशोधनाची शाखा. हे नाव रुळले ते २०२१ मध्ये. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील केंद्रातून अ‍ॅलिस मार्विक, रेचल कुओ आणि सहकाऱ्यांनी या नावाचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला.

२०१६ ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक आणि ब्रेक्झिटचे मतदान यांनंतर ‘फेक न्यूज’वरच्या संशोधनाला पूर आला. क्लेअर वॉर्डल आणि हुसेन देरख्शान यांनी २०१७ साली युरोप परिषदेसाठी केलेल्या अहवालात नकळत पसरलेली चुकीची माहिती, मुद्दाम रचलेली खोटी माहिती आणि इजा करण्यासाठी वापरलेली खरी माहिती, अशी विभागणी केली. ती अजूनही कामाची आहे. मात्र या शाखेचा पहिला आक्षेप असा, की अशा विभागणीची नजर संदेशावर आणि पाठवणाऱ्याच्या हेतूवर खिळते. ज्याच्याविषयी संदेश आहे तो माणूस चौकटीबाहेर राहतो.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. समाजमाध्यमे येईपर्यंत सगळे सत्यवादीच होते, असा एक सूर या पुरात ऐकू येई. प्रत्यक्षात १९४२ मध्ये अमेरिकी सरकारनेच ‘लष्करी गरज’ सांगून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतले बहुतेक अमेरिकी नागरिक होते. वांशिक पूर्वग्रह, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही त्यामागची खरी कारणे होती, असा निष्कर्ष सरकारी आयोगाने काढला तो थेट १९८३ मध्ये. तेव्हा ना फेसबुक होते, ना ट्रोल.

ओळख हेच हत्यार कसे बनते, हे २०१४ मध्ये ट्विटरवर दिसले. फादर्स डे बंद करा, अशी मागणी करणारी खाती कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांची म्हणून मिरवत होती. मूळ होते ‘फोरचॅन’ या संकेतस्थळावरच्या टवाळखोरांत. शफिका हडसन या कृष्णवर्णीय स्त्रीवादीला त्या खात्यांची भाषा खटकली. बोलीची नक्कल होती, पण लकब चुकलेली. अशी खाती त्यांनी #YourSlipIsShowing या हॅशटॅगखाली गोळा करायला सुरुवात केली. त्याचा अर्थ आपल्याकडे म्हणायचे तर, ‘अगं, परकर दिसतोय तुझा!’, म्हणजे सोंग उघडे पडले. त्या कुठल्याही प्रयोगशाळेतल्या नव्हत्या, आणि बऱ्याच संशोधकांच्या आधी त्यांनी हा डाव ओळखला होता. पुढे रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ने, म्हणजे खोटी खाती चालवणाऱ्या संस्थेने, हाच डाव मोठ्या प्रमाणावर खेळला. डीन फ्रीलन आणि सहकाऱ्यांना आढळले, की या संस्थेची कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांचे सोंग घेतलेली खाती इतर खात्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रतिसाद खेचत होती.

माधवी रेड्डी, कुओ आणि डॅनियल क्रीस यांनी अशा प्रचाराला ‘ओळखीचा प्रचार’ म्हटले आणि अमेरिकी राजकारणी कमला हॅरिस यांच्याविषयीच्या कथनांतून त्याचे तीन प्रकार दाखवले: परके ठरवणे, सगळ्या गटाला एकाच साच्यात कोंबणे, आणि ‘तू आमच्यातली खरी नाहीसच’ असे म्हणणे.

महाराष्ट्रात या विषयाचा चेहरा म्हणजे राईनपाडा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या या गावाचा आठवडी बाजार. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे, भिक्षेकरी. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीतल्या स्वयंसेवी संस्थेची जनजागृतीची फीत होती. मोटारसायकलवरून उचललेले मूल परत सोडतात तो शेवट कापून टाकलेला. पण व्हिडिओ खोटा असल्याचे कळले असते, तरी पाल ठोकून राहणारा परका माणूस संशयितच का वाटतो, हा प्रश्न उरतोच. भटक्यांकडे चोर म्हणून पाहण्याची सवय व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा फार जुनी आहे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील शकुंतला बानाजी आणि रामनाथ भट यांच्या २०१९ च्या अभ्यासाने नेमके इथेच बोट ठेवले. महाराष्ट्रासह चार राज्यांत लोकांशी बोलून त्यांनी मांडले, की असे संदेश पुढे ढकलण्यामागे निव्वळ अडाणीपणा नसतो. दलित, मुस्लिम, आदिवासी यांच्याविषयीचा पूर्वग्रह संदेशाला बळ देतो. म्हणून केवळ माध्यम-साक्षरतेचे वर्ग पुरे पडणार नाहीत. या अभ्यासाला पैसा व्हॉट्सअ‍ॅपनेच दिला होता, हेही नोंदवायला हवे. कंपनीचे स्वतःचे उत्तर मात्र तांत्रिक राहिले: जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी.

शाखेवर टीका आहेच. सगळे सत्तासंबंधांवर ढकलले की नेमका कोणता संदेश किती परिणाम करतो, हे मोजायचे राहून जाते, असे प्रयोग करून परिणाम मोजणारे संशोधक म्हणतात. ते अगदीच चूक नाहीत. पण मोजणार कशावर? ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांचा मोफत विदा-प्रवेश (डेटा मिळण्याची सोय) बंद केला, फेसबुकची मालक कंपनी मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये पोस्ट कशा पसरतात हे दाखवणारे ‘क्राउडटँगल’ हे साधन गुंडाळले, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे कूटबद्ध गट तर आधीपासूनच बाहेरच्याला बंद आहेत.