बेंचमार्किंग

बेंचमार्किंग : आपल्या कामाचे आकडे त्याच कामात सरस ठरलेल्या दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहण्याची व्यवस्थापन-पद्धती. ‘मानदंड-तुलना’ असा प्रतिशब्द करता येतो. वागळे इस्टेट वा महाप्याच्या कारखान्यांत मात्र ‘बेंचमार्क’च चालतो.

चांभाराच्या बाकावर गिऱ्हाइकाच्या पावलाची खूण करीत, त्यावरून हा शब्द आला, असे व्यवस्थापनाच्या लेखनात आढळते; त्याला आधार तोकडा आहे. भूमापनातील उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. दगडी जोत्यात आडवी खाच कोरीत व मोजणीच्या वेळी तीत लोखंडी कोनपट्टी बसवीत. ही पट्टी म्हणजेच ‘बेंच’. उंची मोजण्याचा दंड तिच्यावर टेकवीत, त्यामुळे पुढील मोजणीतही तो नेमक्या त्याच पातळीवर उभा राही. खाडीकाठच्या सखल नवी मुंबईत गटाराचा उतार ठरवताना हा मूळ अर्थच कामाला येतो.

व्यवस्थापनातील आरंभ सामान्यतः १९७९ च्या सुमारास, झेरॉक्स कंपनीपासून मानतात. जपानी कॉपियर अमेरिकेत ज्या किमतीला विकले जात, तेवढा झेरॉक्सचा नुसता उत्पादनखर्च होता. पुढे गोदामातील माल काढण्याच्या कामाची तुलना करण्यासाठी कंपनीने टपालाने कपडे व शिकारीचे साहित्य विकणारी एल. एल. बीन ही पेढी निवडली. स्पर्धकाबाहेर पाहण्याचा हा प्रघात रॉबर्ट कॅम्प यांच्या १९८९ च्या ग्रंथाने रूढ केला. काही अभ्यासक हे श्रेय अमेरिकी सुपरमार्केटांवरून धडा घेणाऱ्या टोयोटाला देतात. परंतु तेथे पद्धतशीर आकडेतुलनेपेक्षा कल्पनेची उचल अधिक दिसते.

बेन या सल्लागार संस्थेच्या, व्यवस्थापन-साधनांच्या वापराविषयीच्या, १९९३ पासूनच्या पाहण्यांत हे साधन वारंवार अग्रभागी राहिले. फारसा सिद्धान्त लागत नाही आणि वरिष्ठांपुढे ठेवायला आकडा मिळतो, हे त्याचे कारण असावे. गुणवत्ता-पुरस्कारांच्या निकषांनीही तुलनात्मक आकडे मागून त्याला बळ दिले.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये पाणीपुरवठा, मलनिःसारण, घनकचरा व पर्जन्यजल-निचरा या सेवांसाठी २८ निर्देशक ठरवले. त्यांत दरडोई रोज १३५ लिटर पाणी आणि २४ तास पुरवठा हे मानदंड आहेत. मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे असलेली नवी मुंबई आणि अनेक स्रोतांवर विसंबणारे ठाणे त्याच पट्टीने मोजले जातात.

खरी अडचण व्याख्येची. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात ट्रकला लागणारा वेळ गेटमधून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत मोजला, तर रस्त्यावरच्या रांगेतले तास हिशेबात येत नाहीत. ड्रायव्हर मात्र ते धरूनच वेळ सांगतो.