अर्जावरचे ते प्रश्न

गणेशोत्सवात मांडवाशेजारी रक्तदान शिबिर लागतं. टेबलावर अर्जांचा गठ्ठा, दोरीला बांधलेलं पेन, मागे रांग. अर्जावर प्रश्न असतात: कावीळ झाली होती का? टॅटू काढलाय का? नुकता ताप येऊन गेला का? अनेकजण न वाचता ‘नाही’, ‘नाही’ अशा खुणा करत खाली सही ठोकतात. ते पाहिलं की माझा जीव खालीवर होतो. ‘रक्त तपासणारच आहेत की!’ हा आपला भरवसा.

तपासतात, हे खरं. ३५० मिलिलिटरची पिशवी भरताना नमुन्याच्या नळ्याही भरून घेतात. अहवाल येईपर्यंत ती पिशवी वेगळी ठेवतात, कुणालाही देत नाहीत. आपल्याकडे पाच तपासण्या सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, सिफिलिस, मलेरिया.

एचआयव्हीसाठी बहुतेक ठिकाणी एलायझा करतात. तळहाताएवढी प्लॅस्टिकची ताटली, तिला ९६ छोटे खळगे. प्रत्येक खळग्यात एकेका दात्याच्या रक्तद्रवाचे काही थेंब. विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे त्याच्याशी लढणारी प्रथिनं, असतील तर ती तळाला चिकटून बसतात, आणि शेवटचं रसायन घातल्यावर तेवढाच खळगा पिवळा होतो. ती पिशवी बाद.

पण प्रतिपिंडं आपलं शरीर तयार करतं, आणि त्याला वेळ लागतो. एचआयव्हीची लागण झाल्यावर निव्वळ प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीला साधारण तीन आठवडे काहीच दिसत नाही. क प्रकारच्या काविळीत तर दोन महिन्यांच्या आसपास. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. रक्तात विषाणू असतो, माणूस ठणठणीत असतो, खळगा कोरा राहतो.

नॅट ही चाचणी थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते. तिने एचआयव्हीचा हा काळ दहा-अकरा दिवसांवर येतो, पण शून्यावर येत नाही. ती महाग आहे, भारतात सक्तीची नाही, आणि सगळ्या रक्तपेढ्यांत होतही नाही. ती सगळीकडे व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. महिन्याला एक पिशवी धरली, तरी दहाव्या वाढदिवसापर्यंत शंभराच्या आसपास अनोळखी माणसांचं रक्त त्याच्या अंगात गेलेलं असतं. त्या प्रत्येकाने अर्ज भरलेला असतो.

पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, ती यासाठीच. पैशाची गरज असलेला माणूस आजार लपवतो. रुग्णाला दिलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त द्यायला आणलेला भाचाही, मामासमोर ‘मला देता येणार नाही’ म्हणायला कचरतो. म्हणून डॉक्टरांनी प्रश्न एकट्याला, आडोशाला विचारले पाहिजेत. आणि ‘फुकटात एचआयव्हीची तपासणी होईल’ म्हणून कुणी रक्त देऊ नये. त्यासाठी सरकारी रुग्णालयांत मोफत, गोपनीय तपासणी केंद्रं आहेत.

घरी गेल्यावर ताप भरला, किंवा अर्जात सांगायचं राहिलेलं काही आठवलं, तर रक्तपेढीला फोन करा. रक्तदानाच्या कार्डावर नंबर असतो. दिलेल्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे त्या लगेच दिल्या जातात. फोन त्याच रात्री करा.