‘मी रोबो नाही’ हे ठरवायचं कुणी?

वेबसाइटवरचा फॉर्म आपल्याला रकाने, चौकोन आणि बटणं या रूपात दिसतो. सर्व्हरला त्यातलं काहीच दिसत नाही. आपण ‘पाठवा’ दाबलं की ब्राउझर प्रत्येक रकान्याचं नाव आणि त्यात भरलेला मजकूर यांच्या जोड्या लावतो, त्यांचं एक गाठोडं बांधतो आणि सर्व्हरच्या ठरलेल्या पत्त्यावर रवाना करतो. सर्व्हरच्या हाती पडतं ते एवढंच. गाठोडं बांधणारी माणसाची बोटं होती की दहा ओळींचा प्रोग्राम, हे त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

बॉटचं, म्हणजे माणसाऐवजी आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामचं, फावतं ते इथेच. त्याला फॉर्म भरावा लागत नाही, पान उघडावंही लागत नाही. पत्ता आणि रकान्यांची नावं एकदा कळली की तशीच गाठोडी तो स्वतः बांधतो आणि थेट पाठवत राहतो. अभिप्रायाच्या रकान्यातल्या जाहिराती, नोंदणीतली खोटी खाती, चोरलेल्या पासवर्डांची लॉगिनवर होणारी चाचपणी, हे सगळं याच वाटेने येतं.

फॉर्म बनवायला नुकताच शिकलेला माणूस यावर पहिला उपाय करतो तो जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेचा. पानावर ‘७ आणि ५ यांची बेरीज किती?’ असं विचारायचं आणि उत्तर १२ आलं तरच बटण चालू करायचं. मीही सुरुवातीला असंच लिहिलं होतं. स्वतः भरून पाहिला तेव्हा चुकीच्या उत्तराला फॉर्म अडत होता, त्यामुळे काम झालं असं मनापासून वाटलं होतं. अडचण बेरीज सोपी असण्यात नाही, तिच्या जागी कितीही अवघड कोडं ठेवलं तरी फरक पडत नाही. स्क्रिप्ट पानाबरोबर समोरच्याच्या संगणकावर उतरते आणि तिथेच चालते, म्हणजे ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच यंत्रावर. तो ती वाचू शकतो, बदलू शकतो, बंद करू शकतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात तो हाच प्रकार. थेट गाठोडं पाठवणाऱ्या बॉटची तर या स्क्रिप्टशी गाठही पडत नाही.

म्हणून ब्राउझरमधल्या स्क्रिप्टकडून साक्ष घ्यावी आणि निवाडा सर्व्हरवर करावा. या कामाची सगळी रचना या वाटणीवर उभी आहे.

मुळात विचारायचं काय, हा प्रश्न मात्र जावास्क्रिप्टहून जुना आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या चाचणीत समोर यंत्र आहे की माणूस, हे माणूस ओळखणार होता. वेबवर परीक्षकाची खुर्ची यंत्राकडे आली. १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राला याची गरज पडली. तिथे कुणालाही आपल्या साइटचा पत्ता नोंदवता येई आणि प्रोग्राम लिहून पत्त्यांचा पाऊस पाडणारे त्याचा फायदा घेत. आंद्रेई ब्रॉडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरांची वेडीवाकडी चित्रं दाखवायला सुरुवात केली. चित्रं कशी बनवायची, हे त्यांना एका स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेतून सुचलं. छापील मजकूर यंत्राला नीट वाचता यावा म्हणून काय टाळावं, याच्या सूचना तिच्यात होत्या. टाळायला सांगितलेलं सगळं या मंडळींनी मुद्दाम केलं.

‘कॅप्चा’ हे नाव रूढ झालं ते कार्नेगी मेलन विद्यापीठात या विषयावर झालेल्या कामामुळे. लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लूम, निकोलस हॉपर आणि जॉन लँगफर्ड यांचा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणक आणि माणूस यांना वेगळं ओळखणारी, पूर्णपणे स्वयंचलित, जाहीर ट्युरिंग चाचणी असा या नावाचा विस्तार आहे. त्यातला ‘जाहीर’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. चित्र बनवण्याची कृती उघड असली तरी चाचणी टिकली पाहिजे, गुप्त राहावी ती फक्त या वेळची अक्षरं, अशी त्यांची अट होती. म्हणजे संरक्षण लपवाछपवीवर नाही, तर यंत्राला अजून न जमणाऱ्या कामावर उभं करायचं. यातून एक सुंदर गोष्ट निघते. चाचणी टिकली तर फॉर्म सुरक्षित राहतो, आणि ती मोडली तर कृत्रिम बुद्धिमत्तेतलं एक अवघड कोडं सुटलेलं असतं.

कोडी सुटत गेलीच. २००३ मध्येच बर्कलीच्या ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांच्या प्रोग्रामने ईझी-गिम्पी नावाचा कॅप्चा ९२ टक्के वेळा वाचून दाखवला. मधल्या काळात, २००७ मध्ये रीकॅप्चा आला. जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं स्कॅन करताना यंत्राला न लागलेले शब्द तो लोकांसमोर ठेवी. माणूस असल्याचा पुरावा देता देता लोकांनी कोट्यवधी शब्द वाचून दिले. २००९ मध्ये तो गूगलकडे गेला, आणि २०१४ मध्ये गूगलनेच जाहीर केलं की सर्वांत अवघड वाकडी अक्षरंही आपला प्रोग्राम ९९.८ टक्के अचूक वाचतो. अक्षरांचा जमाना तिथे संपला. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी ट्रॅफिक सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग ओळखायला लावणारी चित्रंही १०० टक्के सोडवून दाखवली.

म्हणून आता भर उत्तरापेक्षा वागणुकीवर आहे, आणि स्क्रिप्ट खरी उपयोगी पडते ती इथे. ‘मी रोबो नाही’ या चौकोनातली टिक स्वतः फारसं काही सिद्ध करत नाही. क्लिकच्या आधी, क्लिक होताना आणि त्यानंतर पानाशी जो व्यवहार होतो तो पाहिला जातो. अशा खुणांपैकी काही ब्राउझर स्वतःच देतो. माणसाने केलेल्या क्लिकच्या नोंदीवर तो ‘विश्वसनीय’ अशी निशाणी ठेवतो, आणि पानातल्या एखाद्या स्क्रिप्टने घडवून आणलेल्या क्लिकवर ती नसते. प्रोग्रामने चालवलेला ब्राउझर तसं सांगणारा एक गुणधर्म उघड ठेवतो. पण खराखुरा ब्राउझर बाहेरून हाकणारी साधनं विश्वसनीय क्लिकही करू शकतात, आणि तो गुणधर्म झाकताही येतो. एकेकटी खूण कच्चीच असते, वजन येतं ते अनेक खुणा जुळल्यावर.

ही साक्ष सर्व्हरपर्यंत पोचते कशी, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पानातली स्क्रिप्ट रीकॅप्चासारख्या पडताळणी करणाऱ्या सेवेशी बोलते. सेवेचं समाधान झालं की ती एक टोकन देते, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारी माळ. स्क्रिप्ट ती फॉर्ममधल्या एका अदृश्य रकान्यात ठेवते आणि बाकीच्या उत्तरांसोबत तीही सर्व्हरकडे जाते. आता सर्व्हर ब्राउझरला वगळून स्वतः त्या सेवेला विचारतो: हे टोकन तुम्हीच दिलंत का? विचारताना तो आपली गुप्त किल्ली दाखवतो. ही किल्ली पानात कधीच उतरत नाही, पानात असते ती वेगळी, उघड किल्ली. रीकॅप्चाचं टोकन दोन मिनिटं टिकतं आणि एकदाच तपासता येतं. नाहीतर एका माणसाने एकदा मिळवलेलं टोकन हजार बॉटांनी वापरलं असतं.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती हा शेवटचा टप्पा राहून जातो तेव्हा. पानावर चौकोन दिसतो, टिक होते, बटण उघडतं, पण सर्व्हर टोकनकडे पाहतच नाही. अशा फॉर्मचा त्रास फक्त माणसांना होतो आणि बॉट पूर्वीसारखेच आत येत राहतात. तपासायला सोपं आहे: टोकनचा रकाना रिकामा ठेवून गाठोडं थेट पाठवून पाहावं. सर्व्हरने ते स्वीकारलं, तर पडताळणी नुसती दिसण्यापुरती आहे.

प्रत्येक फॉर्मला एवढी मोठी व्यवस्था लागते असंही नाही. लहान फॉर्मसाठी मी आधी सापळ्याचा रकाना सुचवेन: माणसाला न दिसणारा, पण पान वाचून सगळे रकाने भरत सुटणाऱ्या बॉटला दिसणारा. तो भरलेला आला की सर्व्हरने ओळखावं. मात्र तो स्क्रीन रीडरपासूनही, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामपासूनही, लपवायला हवा, टॅबने तिथे पोचता येता कामा नये आणि ब्राउझरने आपोआप तिथे पत्ता भरू नये, याची काळजी घ्यावी लागते. दुसरा उपाय वेळेचा. फॉर्म दिल्याची वेळ सर्व्हरने स्वतःच्या सहीनिशी पानात ठेवावी, आणि दहा रकाने एका सेकंदात भरून आले तर शंका घ्यावी. तिसरा उपाय म्हणजे ब्राउझरला एक गणिती काम द्यायचं, जे करायला कष्ट पडतात पण तपासायला क्षणही लागत नाही. सिंथिया ड्वॉर्क आणि मोनी नाओर यांनी ही कल्पना १९९२ मध्येच कचरा-ईमेल रोखण्यासाठी मांडली होती. समोर माणूस आहे, हे त्यातून कळत नाही. एकट्या माणसाला क्षणभराचा उशीर होतो, आणि लाख गाठोडी पाठवणाऱ्याला तोच उशीर लाखपट महाग पडतो.

या सगळ्यात बाहेर कोण राहतं, हे विचारायलाच हवं. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने २००५ मध्येच सांगितलं होतं की चित्रांचे कॅप्चा दृष्टिहीनांना वाटेतच अडवतात. त्यांच्यासाठी आवाजाचा पर्याय आला, तर २०१७ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी फुकट मिळणाऱ्या वाचा-ओळख सेवा वापरून रीकॅप्चाचा तो पर्यायही सुमारे ८५ टक्के वेळा सोडवला. आवाज आणखी बिघडवला की यंत्राच्या आधी माणूसच हरतो, आणि ज्याला दिसतही नाही व नीट ऐकूही येत नाही त्याला तर दोन्ही दारं बंद होतात. वागणुकीवरून ओळखण्यातही हा अन्याय शिरतो. जो माउस वापरत नाही, फक्त कीबोर्डवर फॉर्म भरतो, किंवा माग काढणाऱ्या कुकी बंद ठेवतो, त्याच्या वावरात नेहमीच्या खुणा कमी असतात.

२०१८ मध्ये आलेली रीकॅप्चाची तिसरी आवृत्ती काहीच विचारत नाही, ती सर्व्हरला ०.० ते १.० यांमधला एक गुण देते; गुण जितका कमी, तितका बॉट असल्याचा संशय जास्त. त्या गुणाचं काय करायचं, हे फॉर्म बनवणाऱ्याच्या हातात असतं. ०.३ गुण आलेलं गाठोडं फेकून देता येतं. ते बाजूला ठेवून ईमेलवर एक दुवा पाठवता येतो, किंवा कुणीतरी डोळ्यांनी वाचेपर्यंत रांगेत थांबवता येतं. ही दुसरी वाट लिहायला सर्व्हरवर थोडा जास्त कोड लागतो. तो लिहावाच, कारण त्या ०.३ मागे स्क्रीन रीडरवर टॅब दाबत एकेक रकाना भरत आलेला माणूस असू शकतो.