बुरशीवरचं जेल तोंडात थांबायला हवं

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावशीने शेंगाचटणी ताटातून बाजूला सारली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात एवढं कारण चौकशी सुरू व्हायला पुरेसं असतं. "नुसतं झोंबतंय की गं," ती म्हणाली. तोंड आलंय असं सगळ्यांनी ठरवलं आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू झाल्या. दंतवैद्यांनी कवळी काढायला लावली तेव्हा खरं काय ते दिसलं. कवळीखालची टाळू लालभडक होती आणि गालाच्या आत नासलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखे पांढरे ठिपके होते. पुसले की ते निघत आणि खाली हुळहुळी जागा उरे.

ही कॅन्डिडा नावाची बुरशी. कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात ती कायम असते आणि काहीच करत नाही. लाळ आणि तोंडातले जिवाणू तिला आवरून धरतात. कवळी रात्रंदिवस बसलेली असली, मधुमेहात साखर वाढलेली असली, अँटिबायोटिकने ते जिवाणू मेले किंवा प्रतिकारशक्ती घटली की तिचं फावतं. मावशीकडे दोन कारणं होती: कवळी आणि दम्याचा पंप. अशा बऱ्याच पंपांत स्टेरॉइड असतं. फवाऱ्याचा बराचसा भाग फुप्फुसात न जाता घशात आणि तोंडात बसतो आणि तिथली प्रतिकारशक्ती मंदावतो.

बुरशीला मारणं जिवाणूंना मारण्यापेक्षा अवघड आहे, कारण तिची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. जिवाणूंवरची औषधं तिला लागतच नाहीत. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन अमेरिकन संशोधिकांना मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन मिळालं ते १९५० मध्ये, म्हणजे पेनिसिलिनचा शोध लागून वीसहून अधिक वर्षं उलटल्यावर. हे औषध दोन पेशींमधला नेमका फरक पकडतं. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. मागावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, नाहीतर ते ताण सोसत नाही. बुरशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल तशी बळकटी देतं. निस्टॅटिन त्या एर्गोस्टेरॉललाच चिकटून आवरणाला भोकं पाडतं. आज तोंडात लावायच्या जेलच्या, म्हणजे चिकट मलमाच्या, रूपात मिळणारं मायकोनॅझोल एक पायरी आधी घाव घालतं. एर्गोस्टेरॉल तयार करणारं विकर ते अडवतं, आणि नवं आवरण कच्चं, गळकं होतं.

यासाठी औषध बुरशीला चिकटून राहायला हवं, आणि आपण चुकतो ते इथेच. मावशी हेच जेल लावून लगेच चहा प्यायची. औषध पोटात, बुरशी जागच्या जागी! जेल जेवणानंतर लावायचं, जिभेने सगळीकडे फिरवायचं, गिळण्याआधी जमेल तितका वेळ तोंडात धरायचं आणि नंतर निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. डाग गेले तरी साधारण आठवडाभर ते चालू ठेवायला सांगतात. कवळी रात्री काढून, घासून ठेवायची. तिच्या प्लास्टिकवर बुरशी थर धरून बसते, आणि कवळी सोडून नुसत्या टाळूवर उपचार केले तर आजार परततो.

जेल वरून लावायचं असलं तरी थोडं रक्तात उतरतंच. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्याचं जमत नाही. म्हणून दुकानातून परस्पर ट्यूब आणू नये, चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगेन. घट्ट जेल घशात अडकून बाळ गुदमरू शकतं, म्हणून चार महिन्यांखालच्या बाळाला ते देत नाहीत. मोठ्या बाळालाही बोटाने थोडं थोडं, तोंडाच्या पुढच्या भागातच लावायचं. आणि बाळाचं तोंड आलं की टाकणखाराची (बोरॅक्सची) लाही मधातून चाटवणं थांबवा. टाकणखार बाळाला विषारी आहे, आणि वर्षाखालच्या बाळाला मधातून बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

आमच्याकडे मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांच्या तोंडातला पांढरा चट्टा पुसून निघत नसेल तर जेलवर दिवस घालवू नयेत. तो कर्करोगाच्या आधीचा चट्टा असू शकतो, लगेच दाखवावा.

मावशी आता सकाळचा पंप दात घासायच्या आधी घेते, म्हणजे तोंडात बसलेलं स्टेरॉइड धुवून काढणारी चूळ आपोआप भरली जाते. रात्री कवळी वाटीत असते. चटणी दोन आठवड्यांनी ताटात आली, आधी दह्यात कालवून.