ॲश ब्लॉसम अँड जॉयस स्प्रिंग

‘यु-गि-ओ!’ या मूळ जपानी कार्ड-खेळातील एक मॉन्स्टर कार्ड. खेळाडूंच्या तोंडी नुसती ‘ॲश’. जपानमध्ये हे कार्ड जानेवारी २०१७ मध्ये ‘मॅक्सिमम क्रायसिस’ या संचातून आले आणि इंग्रजी आवृत्ती त्याच वर्षी मे महिन्यात निघाली. कोनामी कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये ‘मास्टर ड्युएल’ हा डिजिटल खेळ आणला, तेव्हापासून तर ॲश नसलेला स्पर्धात्मक डेक (खेळाडूने निवडून आणलेला कार्डांचा गठ्ठा) दिसला की त्याचा मालक मुद्दाम काही वेगळे करतोय की काय, अशी शंका येते.

कार्डावरच्या चित्रात चेरीच्या बहरातली एक मुलगी आहे. गुणधर्म अग्नी, जात झॉम्बी, लेव्हल ३, ट्यूनर (सिंक्रो समन या पद्धतीला लागणारा मॉन्स्टर). हल्ला ० आणि बचाव १८००. हल्ल्याचा आकडा शून्य पाहून नवखा खेळाडू हे कार्ड बाजूला टाकतो. पण ॲश मुळात मैदानावर उतरवण्यासाठी नाहीच, ती हातातूनच काम करते. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत हातातून वापरता येणाऱ्या अशा कार्डांना खेळाडू ‘हँड ट्रॅप’ म्हणतात.

तिचा इफेक्ट (कार्डावर लिहिलेली करामत) असा: एखाद्या कार्डाच्या इफेक्टमध्ये डेकमधून हातात कार्ड घेणे, डेकमधून मॉन्स्टर थेट मैदानात आणणे (स्पेशल समन) किंवा डेकमधून कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) पाठवणे, यांपैकी काहीही असेल, तर तो वापरला जाताच ॲश हातातून टाकून द्यायची आणि तो इफेक्ट रद्द करायचा. एका पाळीत एकदाच. नेमके कार्ड शोधून घेणे आणि डेकच्या वरचे कार्ड ओढणे, हे दोन्ही पहिल्या प्रकारात मोडते. आजचा जवळपास प्रत्येक डेक आपली यंत्रणा सुरू करायला स्वतःच्याच डेकमध्ये हात घालतो, आणि ॲश नेमकी तिथेच उभी असते. तिच्या बहिणी म्हणाव्यात अशी कार्डे ‘घोस्ट’ नावाने आधी आणि नंतरही आली. लेव्हल ३, ट्यूनर, ० आणि १८०० हे त्या सगळ्यांचे आकडे सारखेच. ‘घोस्ट ओगर’ मैदानावरच्या कार्डाचा इफेक्ट वापरला गेला की ते कार्ड नष्ट करते, ‘घोस्ट बेल’ ग्रेव्हयार्डशी खेळणाऱ्यांना अडवते. दोन्ही चांगली कार्डे, पण त्यांना प्रतिस्पर्धी पाहून जागा द्यावी लागते. ॲशला तो विचार फारसा करावा लागत नाही.

ती काय अडवत नाही, हे आधी पाठ असायला हवे. ग्रेव्हयार्डमधून मॉन्स्टर परत आणणारे ‘मॉन्स्टर रीबॉर्न’ तिच्या कक्षेबाहेर आहे, कारण त्यात डेकचा संबंध येत नाही. टोकन, म्हणजे कार्डाच्या इफेक्टने उभा राहणारा तात्पुरता मॉन्स्टर, डेकमधून येत नसतो, त्यामुळे ‘स्वोर्डसोल ऑफ मो ये’ मैदानात येऊन टोकन उभा करते तेव्हा ॲश गप्प बसते. तीच मो ये पुढे सिंक्रो समनसाठी (ट्यूनर आणि दुसऱ्या मॉन्स्टरच्या लेव्हलची बेरीज करून नवा मॉन्स्टर आणण्यासाठी) खर्ची पडली की एक कार्ड ओढू पाहते, आणि ते मात्र अडवता येते. एका कार्डाचे दोन इफेक्ट. एकाला ॲश लागू, दुसऱ्याला नाही. इफेक्ट वापरण्याची किंमत म्हणून आधीच जे केले जाते तेही तिच्या हाताबाहेरचे. शिवाय ॲश इफेक्ट रद्द करते, कार्ड नष्ट करत नाही. एखाद्या फील्ड स्पेलचा (मैदानावर टिकून राहणाऱ्या जादूच्या कार्डाचा) शोध अडवला तरी तो स्पेल मैदानावर राहतो आणि त्याचे बाकीचे इफेक्ट चालू राहतात.

हीच किंमतीची बाब उलटही फिरते. ‘पॉट ऑफ डिझायर्स’ वापरणारा आधी डेकची वरची १० कार्डे उपडी करून खेळाबाहेर काढतो आणि मग २ ओढतो. ही १० कार्डे म्हणजे किंमत. त्यावर ॲश पडली की किंमत गेलेलीच असते आणि हातात काहीच येत नाही. ४० कार्डांच्या डेकमध्ये हा घाव मोठा आहे.

ॲश वापरण्याचे सारे कौशल्य वेळेत आहे. पहिल्या शोधावर ती झोकून देणे ही सर्वांत सामान्य चूक. अनुभवी प्रतिस्पर्धी मुद्दाम कमी महत्त्वाचा शोध आधी करून ती बाहेर काढायला बघतो. प्रत्येक डेकची एक नस असते. ‘ब्रँडेड’ डेकची नस ‘ब्रँडेड फ्यूजन’: डेकमधलेच मॉन्स्टर वापरून फ्यूजन (मॉन्स्टर एकत्र करून नवा मॉन्स्टर) करून देणारे कार्ड. ते रद्द झाले तर बरेचदा बाकीचा हात लंगडा पडतो. अशा डेकसमोर त्याआधीच्या किरकोळ शोधावर ॲश घालवणारा स्वतःच दार उघडून देतो. याउलट ज्या डेकमध्ये शोधाच्या मागे शोध असतो, तिथे मधल्या टप्प्यावर, म्हणजे समोरच्याने त्या पाळीचा नॉर्मल समन (हातातला मॉन्स्टर उतरवण्याची पाळीतली एकमेव साधी संधी) वापरून टाकल्यावर अडवणे जास्त जिव्हारी लागते, कारण त्याला नव्याने सुरुवात करता येत नाही. कोणत्या डेकला कुठे अडवायचे याचे तयार उत्तर नाही. त्या डेकची चाल स्वतः खेळून पाहिली की ते सर्वांत लवकर कळते.

हातात ‘ड्रॉल अँड लॉक बर्ड’ही असेल तर क्रम बदलतो. ड्रॉलला आधी समोरच्याच्या हातात डेकमधून एक कार्ड जाऊ द्यावे लागते. मग पहिला शोध मुकाट्याने होऊ द्यायचा, ड्रॉल टाकून त्या पाळीपुरते डेकमधून हातात कार्डे घेणे बंद करायचे आणि ॲश डेकमधून होणाऱ्या समनसाठी, हुकूम राखून ठेवावा तशी ठेवायची.

मास्टर ड्युएलमध्ये ॲशचे वजन वाढवले ते ‘मॅक्स सी’ या कार्डाने. मॅक्स सी वापरले की त्या पाळीत प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक स्पेशल समनमागे एक कार्ड ओढता येते. पाश्चात्त्य देशांतल्या छापील खेळात ते अनेक वर्षे बंदीत आहे. मास्टर ड्युएल सुरू झाला तेव्हा मात्र त्याच्या तीन प्रती चालत होत्या. मॅक्स सी म्हणजे कार्ड ओढण्याचाच इफेक्ट, त्यामुळे ॲश त्यावर पडते. म्हणून पहिली पाळी आपली असली तरी हातात ॲश हवी असते: समोरच्याने मॅक्स सी टाकले की आपली चाल थांबवायची वेळ येऊ नये यासाठी. एकाच पाळीत दोन ॲश वापरता येत नसल्याने हातात जोडी आली तर अनेकांचे तोंड वाकडे होते. पण दुसरी वाया जातेच असे नाही. एक समोरच्याच्या पाळीत आणि दुसरी आपल्या पाळीत मॅक्स सीवर, अशी वाटणी होऊ शकते.

ॲशवरचे उतारेही तितकेच ठरलेले आहेत. ‘कॉल्ड बाय द ग्रेव्ह’ टाकून दिलेल्या ॲशला ग्रेव्हयार्डमधून खेळाबाहेर काढते, आणि त्याच नावाच्या मॉन्स्टरचे इफेक्ट पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत निकामी करते. म्हणजे हातातली दुसरी प्रतही तोवर निरुपयोगी. चेन (एकमेकांना उत्तर म्हणून टाकलेल्या इफेक्टची साखळी) उलट्या क्रमाने सुटते, शेवटचे कार्ड आधी, त्यामुळे ॲशच्या नंतर टाकलेले कॉल्ड बाय आधी लागू होते आणि शोध सहीसलामत पार पडतो. ‘क्रॉसआउट डिझिग्नेटर’ची गंमत निराळी. त्यात एका कार्डाचे नाव घेऊन त्याची एक प्रत स्वतःच्या डेकमधून बाहेर काढायची, की त्या पाळीपुरते त्या नावाच्या कार्डाचे इफेक्ट रद्द. ॲश जवळपास प्रत्येकाकडे असते, म्हणूनच तिच्यावर हा उपाय लागू पडतो. तिसरा मार्ग कार्डाविना. दोन इफेक्ट एकाच वेळी सुरू होत असतील तर शोध चेनमध्ये खाली आणि दुसरा इफेक्ट वर ठेवायचा. ॲशला फक्त लगतच्या, वरच्या इफेक्टला उत्तर देता येते, त्यामुळे खालचा शोध तिच्या हाती लागत नाही. खेळाडू याला ‘चेन ब्लॉक’ म्हणतात.

४० कार्डांच्या डेकमध्ये ३ प्रती ठेवल्या तर सुरुवातीच्या ५ कार्डांत किमान एक ॲश येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के, ६० कार्डांच्या डेकमध्ये ती साधारण २३ टक्क्यांवर उतरते. ॲश एकटी पुरत नाही, तिच्या जोडीला आणखी हँड ट्रॅप भरले जातात, त्याचे कारण हेच. अशी एकूण ९ कार्डे ४०च्या डेकमध्ये असली की किमान एक हातात येण्याची शक्यता ७४ टक्क्यांपर्यंत जाते. मात्र तितकी जागा स्वतःच्या चालीतून कापावी लागते.

हँड ट्रॅप म्हणून उपयोग संपल्यावरही ॲश बिनकामाची होत नाही. ट्यूनर असल्याने तिची लेव्हल ३ आणि सोबत लेव्हल ४चा मॉन्स्टर मिळून लेव्हल ७चा सिंक्रो होतो, लेव्हल ५चा असला तर लेव्हल ८चा. मैदानावरचे मॉन्स्टर खर्चून नवा आणण्याच्या लिंक समनला ती साधा मॉन्स्टर म्हणून खपते. ‘प्रोमेथियन प्रिन्सेस’ ग्रेव्हयार्डमधून अग्नी गुणधर्माचा मॉन्स्टर परत आणते, तेव्हा टाकून दिलेली ॲशही उठून मैदानात येते. अगदीच काही सुचले नाही तर १८०० बचावाची उपडी भिंत आहेच.

मास्टर ड्युएलमध्ये ती यूआर (अल्ट्रा रेअर) या सर्वांत दुर्मीळ दर्जाची आहे. एक प्रत तयार करायला त्या दर्जाचे ३० पॉइंट लागतात, आणि एक साधे यूआर कार्ड मोडून १० मिळतात. तीन प्रतींसाठी नऊ यूआर मोडावी लागतात. नव्या खेळाडूने डेकची ठळक कार्डे करण्याआधी ॲश करावी, असे बहुतेक जुने खेळाडू सांगतात आणि ते बरोबर आहे, कारण डेक बदलला तरी ती बदलावी लागत नाही.

टेबलावरच्या खेळात समोरच्याच्या हातात काय आहे हे कळत नाही. डिजिटल खेळात मात्र ‘ऑटो’ सेटिंगवर, काही वापरता येत असेल तरच खेळ क्षणभर थांबून विचारतो, आणि तो खोळंबा समोरच्याला दिसतो. शोधाच्या कार्डावर असा अडखळा आला की जाणकार ॲश गृहीत धरून चालतो. म्हणून काही जण किरकोळ शोधांच्या वेळी विचारणा ‘ऑफ’ करतात आणि नस आली की पुन्हा चालू करतात. बटण दाबायला उशीर झाला तर ब्रँडेड फ्यूजन डोळ्यांदेखत निघून जाते.